जाम बसलेला बोल्ट आणि घाईचा पाइप

भालकी, औराद, कमलनगर, बसवकल्याण, आळंद, अफजलपूर, कोणत्याही गावात जा. एखाद्या वाड्याच्या मागच्या अंगणात, कडब्याच्या गंजीआड नाहीतर गोठ्याच्या पडवीत एक जुनी गाडी उभी असतेच. कुठे महिंद्राची जीप, कुठे अ‍ॅम्बॅसडर, कुठे फियाट, आणि मोटारसायकल म्हटली की हमखास जावा किंवा येझदी. गाडी आजोबांची असते, कन्नड बोलणाऱ्या घरात मुत्त्यांची. तिच्यातून कुणाची वरात निघालेली असते, कुणाला रात्री-अपरात्री उदगीरच्या नाहीतर सोलापूरच्या दवाखान्यात नेलेले असते, कुणी गाणगापूरच्या पौर्णिमेच्या वाऱ्या केलेल्या असतात. मग एके दिवशी ती बंद पडते, 'पुढच्या महिन्यात बघू' म्हणून बाजूला लावली जाते, आणि त्या पुढच्या महिन्याला बघता बघता पंधरा-वीस वर्षे होतात.

अलीकडे मात्र या गाड्यांची झाकणे पुन्हा उघडू लागली आहेत. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून १९६१ पासून गाड्या निघत होत्या, तो कारखाना १९९६ साली बंद झाला. पण जावा हे नाव २०१८ मध्ये आणि येझदी हे नाव २०२२ मध्ये नव्या गाड्यांवर परत आले आणि घरातल्या जुन्या गाडीकडे नातवंडांची नजर वळली. शिकलेला नातू सुट्टीत घरी येतो, ताडपत्री काढतो, धूळ झटकतो आणि म्हणतो, आपण हिला चालू करू. उत्साह दांडगा असतो. पाना बोल्टला लागतो, आणि बोल्ट हलत नाही.

इथून पुढच्या अर्ध्या तासात त्या गाडीचे भवितव्य ठरते, असे म्हटले तर वाचकांना ती अतिशयोक्ती वाटेल. पण इंजिनाच्या हेडमधला एक स्टड आत मोडला, तर साध्या कामाचे मोठे काम होते. हेड लेथवाल्याकडे न्यावे लागते. तिथे भोक तिरके पडले तर दुसरे हेड शोधावे लागते, आणि या गाड्यांची हेडे आता दुकानात टांगलेली मिळत नाहीत. त्यात १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या मोटारीच्या फेरनोंदणीचे शुल्क ६०० वरून ५,००० रुपये आणि मोटारसायकलचे ३०० वरून १,००० रुपये झाले, आणि वीस वर्षांवरच्या गाड्यांना २०२५ मध्ये ते आणखी वाढले. इतका सगळा हिशेब समोर आला की घरातले कुणीतरी म्हणतेच, 'द्या भंगारवाल्याला.' मग आजोबांची गाडी किलोवर जाते. मूळ कारण काय, तर आठ मिलिमीटरचा एक बोल्ट आणि दहा मिनिटांची घाई.

गट्टि आणि घट्ट

आपल्याकडच्या गॅरेजात तीन भाषा एकाच वेळी चालतात. मालक मराठी बोलतो, मेस्त्री कन्नड, हाताखालचा पोरगा दखनी, आणि तिघांचे एकमेकांना बरोबर कळते. 'जाम' हा शब्द तर तिघांचाही. बोल्ट जाम झालाय, जाम आग्यद, जाम हो गया. पाना तिन्ही भाषांत पानाच. मराठीत लोखंडाला गंज चढतो, कन्नडात तुक्कु 'हिडदद', म्हणजे गंजाने धरलेले असते. प्रस्तुत लेखकाला कन्नडातला हा वाक्प्रचार अधिक नेमका वाटतो, कारण आत तेच घडलेले असते. वर काहीही चढलेले नसते, आतून धरलेले असते. घट्ट आणि गट्टि ही तर सख्खी भावंडे शोभावीत, आणि आपला सैल व कन्नडचा सडिल या दोन्हींचे मूळ 'शिथिल' या संस्कृत शब्दात सांगतात. पण या कामाचा खरा मंत्र दोन्ही भाषांत एकच आहे, आणि तो उत्तर कर्नाटकात सगळ्यांना पाठ आहे: सावकाश.

आता गंज धरतो म्हणजे काय होते ते पाहू. बोल्ट आणि नट यांच्या आट्यांमध्ये अगदी बारीक फट असते, ती असल्याशिवाय ते फिरणारच नाहीत. त्या फटीत ओल शिरली की लोखंडाचा गंज होतो, आणि गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, निदान दुप्पट आणि ओलसर गंज तर त्याहूनही जास्त. बाहेर जायला वाट नसते, म्हणून तो आतल्या आत फुगून आट्यांना पाचर मारल्यासारखा बसतो. त्यात आपल्याकडचे हवामान. कलबुर्गीचा उन्हाळा चाळिशी ओलांडतो, पाठोपाठ पावसाळा. काळ्या मातीचा चिखल गाडीच्या पोटाला लागला की तो लवकर वाळत नाही, ओल धरून ठेवतो. बीदरचे पठार जांभ्या दगडाचे. त्या दगडाचा आणि मातीचा तांबडा रंग लोखंडाच्या ऑक्साइडचा, म्हणजे गंजाच्याच कुळातला. आपण गंजावरच घरे बांधून राहतो असे म्हटले तरी चालेल!

पण सगळे जाम बोल्ट तांबड्या गंजाने धरलेले नसतात. फियाटचे हेड अ‍ॅल्युमिनियमचे, जावा-येझदीचे हेड आणि इंजिनाचे कवच अ‍ॅल्युमिनियमचे, आणि त्यात बसवलेले बोल्ट नि स्क्रू पोलादाचे. दोन वेगळे धातू एकमेकांना चिकटून ओलीत राहिले की त्यांच्यात बॅटरीसारखी क्रिया सुरू होते आणि त्यातला एक झिजतो. इथे अ‍ॅल्युमिनियम झिजते आणि त्याची पांढरी भुकटी आट्यांत दगडासारखी बसते. बीदरच्या वाचकांना हे परके वाटू नये. बिदरी काम करणारा कारागीर जस्त-तांब्याच्या भांड्यात चांदीची नक्षी ठोकतो, आणि शेवटी किल्ल्यातली जुनी माती नवसागराबरोबर कालवून भांड्याला लावतो. जस्ताची जमीन काळीभोर होते, चांदी जशीच्या तशी पांढरी राहते. एकच माती, एकच क्षार, पण दोन धातूंची वागणूक दोन तऱ्हांची. बिदरीला २००६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. कारागिराने हा स्वभाव ओळखून कला केली. इंजिनात त्याच स्वभावाचा आपल्याला ताप होतो, इतकाच फरक.

आधी पाहा, मग फिरवा

पहिली गोष्ट म्हणजे पाना. जुनी जीप आणि अ‍ॅम्बॅसडर इंचाच्या मापाच्या, फियाट आणि जावा मिलिमीटरच्या. जुने मेस्त्री अजून सुतात बोलतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तेव्हा चार सूत म्हणजे अर्धा इंच. आता अर्ध्या इंचाचे डोके १२.७ मिलिमीटर भरते. घरी असतो १३ नंबरचा पाना. तो बसतो, थोडा हलतो, पण 'चालेल' वाटते. त्या ०.३ मिलिमीटरनेच घात होतो. जोर लावला की पाना सटकतो आणि डोक्याचे कोपरे गोल होतात. मोकळ्या बोल्टला हे चालून जाते, जाम बोल्टला नाही. म्हणून इंचाच्या बोल्टला इंचाचाच पाना, आणि तोही दुतोंडी नको. रिंग पाना किंवा सहा कोनांचा गोटी पाना घ्यावा, म्हणजे सहाही बाजूंना धरतो. स्क्रू पाना, म्हणजे तोंड लहान-मोठे होणारा, घरात नळाला ठीक आहे. जुन्या इंजिनाजवळ तो आणूच नये असे आमचे स्पष्ट मत.

दुसरी गोष्ट दिशा. हसू नका, पण कित्येक बोल्ट उलट्या दिशेने आवळून मोडलेले आहेत. बहुतेक आटे उजवे असतात, घड्याळाच्या उलट फिरवले की सुटतात. पण सगळे नाहीत. सायकलचे डावे पायडल उलट्या आट्याचे असते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलचे दुकान काढले तेव्हापासून आपल्या सीमाभागात सायकली आहेत, तरी ही गोष्ट दर पिढीला नव्याने शिकावी लागते. जुन्या विलीज बनावटीच्या जीपच्या डाव्या चाकांचे नटही उलट्या आट्यांचे येत. गाडी खाली वाकून पाहताना किंवा मागच्या बाजूने हात घालताना डावे-उजवे मनात उलटते, तेव्हा एक जादा बोल्ट हातात घेऊन आधी हवेत फिरवून पाहावा.

तिसरी गोष्ट साफसफाई. तारेच्या ब्रशने बोल्टच्या भोवतीचा चिखल, रंग, जळके तेल सगळे काढावे. आट्यांचे जे टोक बाहेर आलेले असते ते आधी स्वच्छ करावे, नाहीतर नट अर्धा सुटतो आणि त्या घाणीत पुन्हा अडकतो.

तेल, ठोके आणि चार दिवस

आता तेल. पूर्वी प्रत्येक घरात रॉकेलचा डबा असे आणि गंजलेल्या बिजागरीपासून पंपाच्या नटापर्यंत सगळ्याला रॉकेलच लावत. वाईट उपाय नव्हता. पातळ तेल बारीक फटीत शिरते, जाड तेल वरच राहते. आज बाजारात फवाऱ्याचे डबे मिळतात. डब्ल्यूडी-४० हे नाव सर्वांना माहीत आहे, पण तो मुळात १९५३ मध्ये अमेरिकेत पाणी दूर ठेवण्यासाठी, क्षेपणास्त्राचा पत्रा गंजू नये म्हणून तयार केलेला पदार्थ. गंज धरलेल्या बोल्टसाठी मुद्दाम बनवलेली झिरपणारी तेले वेगळी मिळतात, ती घ्यावीत. काही मेस्त्री गिअरचे पातळ लाल तेल आणि अ‍ॅसिटोन समसमान मिसळून वापरतात. ते चांगले झिरपते, पण दोन्ही वेगळे होतात म्हणून दर वेळी हलवावे लागते, आणि अ‍ॅसिटोन पेट्रोलसारखे पेट घेते हे विसरू नये.

कोणते तेल यापेक्षा किती दिवस हा प्रश्न मोठा. तेल टाकले आणि पाच मिनिटांत पाना लावला तर तेल टाकलेच नाही असे समजावे. संध्याकाळी टाकावे, बोल्टच्या डोक्यावर हातोडीने हलके ठोके द्यावेत, झोपावे. सकाळी पुन्हा तेल, पुन्हा ठोके. असे तीन-चार दिवस. ठोक्याने गंजाची भिंत तडकते आणि तेलाला वाट मिळते. ठोका सरळ डोक्यावर, तोही बोल्टच्या आकाराला शोभेल असा. घण नको. अ‍ॅल्युमिनियमच्या पंखांवर तर चुकूनही नको, ते बिस्किटासारखे तुटतात.

मग पाना लावायचा आणि आधी किंचित आवळायचा. होय, आवळायचा, अगदी केसभर. नव्या माणसाला हे उफराटे वाटते, पण गंजाची पकड कोणत्याही दिशेला सुटली तरी सुटलेलीच असते. 'टक्' असा आवाज आला की समजावे, धरलेले सुटले. मग थोडे उलट, पुन्हा थोडे सुलट, तेलाचा थेंब, पुन्हा उलट. पाव फेरा मोकळा झाला म्हणून सलग फिरवत सुटले तर गंजाची पूड पुढच्या आट्यांत जमते आणि अर्ध्यावर पुन्हा जाम बसते. तिथे मोडलेला बोल्ट सर्वांत जास्त जिवाला लागतो.

याच टप्प्यावर घरातले कुणीतरी पाइप घेऊन येते. पान्याच्या मागे हातभर पाइप अडकवायचा आणि लोंबकळायचे, ही आपली जुनी खोड. तिचा हिशेब एकदा मांडलाच पाहिजे. आठ मिलिमीटरचा चांगला बोल्ट साधारण २५ न्यूटन-मीटर इतका आवळतात. वीतभर लांबीच्या पान्याला ११-१२ किलोचा जोर दिला की तेवढे होते. पान्याची लांबी कारखान्याने उगाच ठरवलेली नसते. लहान बोल्टला लहान पाना, म्हणजे हाताला मर्यादा आपोआप राहते. आता पाइप लावून तोच हात पाऊण मीटर लांब झाला आणि माणसाने २० किलोचा जोर टाकला तर १५० न्यूटन-मीटर होतात. तो बोल्ट ४० च्या आसपासच मान टाकतो. पाइपवाल्याला हातात काहीच जाणवत नाही. अचानक सगळे मोकळे होते, तो आनंदाने ओरडतो, आणि पाहतो तर पान्यात बोल्टचे नुसते डोके!

मोठ्या चाकाच्या नटाला पाइप चालतो. हेडच्या, मॅनिफोल्डच्या, पाण्याच्या पंपाच्या बोल्टला नाही.

तसे पाहिले तर साध्या, न गंजलेल्या बोल्टमध्येही आपल्या जोरातला निम्मा भाग डोक्याखालच्या घर्षणात जातो, ४० टक्के आट्यांच्या घर्षणात, आणि खऱ्या पकडीला जेमतेम १० टक्के उरतात. सगळा खेळ घर्षणाचा आहे. जोर दुप्पट करण्यापेक्षा घर्षण निम्मे करणे स्वस्त पडते.

दोन पेल्यांची युक्ती

स्वयंपाकघरात स्टीलचे दोन पेले एकात एक अडकले की घरातल्या बाया काय करतात? आतल्या पेल्यात थंड पाणी घालतात आणि बाहेरचा गरम पाण्यात धरतात. बाहेरचा फुगतो, आतला आकसतो, आणि पेले सुटतात. मेस्त्रीची गॅसची ज्योत हेच करते. नट तापवायचा, बोल्ट नाही. किती फुगतो? दहा मिलिमीटरचे नटाचे छिद्र ३०० अंशांनी तापले तर सुमारे ०.०३६ मिलिमीटर वाढते. केसाच्या जाडीहूनही कमी, पण गंजाची पकड तडकायला पुरते. म्हणून ज्योत झटपट आणि नटावरच द्यायची. हळूहळू तापवत बसले तर उष्णता बोल्टमध्येही उतरते, दोघे सारखेच फुगतात आणि हाती काही लागत नाही.

पोलादी बोल्ट अ‍ॅल्युमिनियममध्ये असेल तर गणित आपल्या बाजूचे आहे. अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगते, म्हणून तिथे बोल्टच्या भोवतीचा सगळा भाग सारखा गरम करावा. पण इथेच मोठा धोका आहे. लोखंड तापले की लाल होऊन सांगते. अ‍ॅल्युमिनियम सांगत नाही. ते रंग न बदलता ६६० अंशांना वितळते, आणि पाहता पाहता हेडचा कोपरा खाली गळून पडतो. अ‍ॅल्युमिनियमवर उघडी ज्योत देण्यापेक्षा हेअर ड्रायरचा थोरला भाऊ असतो ती हीट गन, किंवा उकळते पाणी बरे.

तापवून थोडे निवल्यावर साध्या मेणबत्तीचे टोक आट्यांना लावावे. मेण वितळते आणि फटीत ओढले जाते. जुनी, बिनखर्चाची युक्ती, आणि फवाऱ्याच्या डब्याइतकीच उपयोगी.

ज्योतीच्या कामात घरातल्या मोठ्यांनी लक्ष घातलेच पाहिजे, कारण इथे बोल्टपेक्षा माणसाचा प्रश्न आहे. पेट्रोलची टाकी आणि बॅटरी आधी गाडीतून काढून लांब ठेवावी, नुसती बंद करून भागत नाही. तेलाच्या चिंध्या हलवाव्यात. बाजूला वाळूची बादली हवी, तेलाच्या आगीवर पाणी टाकायचे नसते. ब्रेक साफ करायचे काही फवारे क्लोरीनयुक्त असतात. ते मारून त्यावर ज्योत दिली तर विषारी वायू होतो. जस्ताचा मुलामा असलेला बोल्ट लाल केला तर पांढरा धूर निघतो आणि रात्री थंडी वाजून ताप भरतो. आणि चष्मा. गंजाचा कण डोळ्यात गेला की तो डोळ्यातही गंजतो. पन्नास-शंभर रुपयांचा चष्मा न घालता छिन्नी मारणारे आपल्याकडे अजून सर्रास दिसतात, आणि त्याला धाडस म्हणतात!

मोडला तर

इतके करूनही बोल्ट मोडतो. सायलेन्सरच्या मॅनिफोल्डचे स्टड तर मोडण्यासाठीच जन्माला आलेले असावेत. रोज लालभडक तापायचे, रोज निवायचे, अशी वीस-तीस वर्षे गेल्यावर त्यांच्यात जीव उरत नाही. तेव्हा मोडला म्हणून शिव्या देऊ नयेत, आणि लगेच ड्रिल मशीनही आणू नये. आधी चहा घ्यावा.

तुकडा थोडा बाहेर असेल तर काम अजून हातात आहे. व्हाइस ग्रिपने घट्ट धरून तेल-उष्णता-सावकाश हाच क्रम पुन्हा. ते जमले नाही तर चांगला वेल्डर गाठावा. मोडक्या टोकावर थोडा मोठा नट ठेवून आतून वेल्डिंग भरले की नवे डोके तयार होते. शिवाय वेल्डिंगच्या उष्णतेने आतली पकडही सुटते, म्हणजे एका दगडात दोन पक्षी. चार दिवस न हललेला स्टड वेल्डिंग निवता निवता बोटांच्या जोरावर फिरू लागतो. बसवकल्याणजवळ सस्तापूर बंगल्याचे ऑटोनगर आणि हुमनाबादची हायवेवरची गॅरेजे (तो हायवे पूर्वी ९ नंबरचा, आता ६५) इथे ट्रकची कामे करणाऱ्या वेल्डरांना ही करामत नवी नाही. जीपचे बीड, म्हणजे ओतीव लोखंडाचे, हेड असेल तर वितळलेले वेल्डिंग पोलादी स्टडला धरते, भोवतीच्या बिडाला तितके नीट धरत नाही, हा आणखी एक फायदा.

तुकडा आतच राहिला असेल तर मात्र ड्रिलशिवाय गत्यंतर नाही. इथे पहिली पाच मिनिटे महत्त्वाची. तुटलेला पृष्ठभाग कानशीने सपाट करायचा, पोगराने अगदी मध्यावर खूण करायची. मध्य चुकला की ड्रिल मऊ अ‍ॅल्युमिनियमकडे सरकते आणि भोक तिरके जाते. बारीक ड्रिलने सुरुवात करून वाढवत न्यायचे. डाव्या दिशेने कापणारे ड्रिल मिळाले तर फारच छान, कारण भोक पाडता पाडता त्याच्याच ओढीने पुष्कळदा तुकडा बाहेर येतो.

भोकात घालून उलटे फिरवायचा निमुळता स्क्रू, एक्स्ट्रॅक्टर म्हणतात तो, दुकानात हौसेने विकला जातो. त्याच्याविषयी जपून. तो इतका कडक पोलादाचा असतो की आत मोडला तर साधे ड्रिल त्याला चाटूनही जात नाही. ज्या बोल्टने पान्याला दाद दिली नाही तो या काडीला कशी देणार? तेल आणि उष्णता देऊन झाल्यावर, आणि हाताला थोडी तरी हालचाल जाणवली तरच तो वापरावा.

शेवटचा उपाय म्हणजे सगळा तुकडाच ड्रिलने खाऊन टाकायचा. आठ मिलिमीटरच्या सव्वा पिचच्या बोल्टला ६.८ मिलिमीटरचे ड्रिल लागते. मग आत आट्यांची तारेसारखी उरलेली साल काढून टॅप फिरवायचा. आटे गेलेच असतील तर भोक थोडे मोठे करून पोलादी तारेचे वेटोळे बसवतात, हेलिकॉइल नावाचे. मऊ अ‍ॅल्युमिनियममध्ये ते मूळच्या आट्यांपेक्षाही टिकाऊ ठरते. हे काम घरी शिकायचे असेल तर आधी भंगारातल्या एखाद्या हेडवर शिकावे. आजोबांच्या गाडीचे हेड लेथवाल्याकडे, उभ्या ड्रिल मशीनवर द्यावे. काम कुठे थांबवायचे हे ज्याला कळते तोच मेस्त्री, बाकीचे पानेवाले.

जावा-येझदीवाल्यांसाठी वेगळे दोन शब्द. तिच्या इंजिनाच्या कवचाला खाच असलेले स्क्रू आहेत, आणि साध्या पेचकसाने त्यांच्या खाचा हमखास बिघडतात. त्यांना ठोक्यावर फिरणारा पेचकस मिळतो. मागून हातोडी मारली की तो खाली दाबतो आणि त्याच क्षणी थोडा फिरतो. दाब आणि फिरकी एकदम, म्हणून खाच सुटत नाही. चार-पाचशे रुपयांच्या आसपासचे हे हत्यार एका इंजिनातच पैसे वसूल करून देते.

हेड काढताना सगळे नट एकाच फटक्यात सैल करू नयेत. कडेकडून सुरुवात करून मध्याकडे यावे, आणि प्रत्येक नट आधी पाव-अर्धा फेराच सोडावा. एका बाजूचे सगळे मोकळे आणि दुसरीकडचे आवळलेले राहिले तर हेड वाकते. आणि इंजिनच फिरत नसेल, म्हणजे पिस्टन सिलिंडरला धरला असेल, तर गाडी गिअरमध्ये टाकून ट्रॅक्टरने ओढणे हा आपल्याकडचा लाडका प्रयोग करू नये. प्लग काढून सिलिंडरमध्ये तेल ओतावे आणि आठवडाभर वाट पाहावी. तिथेही नियम तोच.

खंडेनवमीची हत्यारे

आपल्याकडे खंडेनवमीला आणि कन्नड घरात आयुधपूजेला पाने, हातोडे, जीप, ट्रॅक्टर सगळ्यांची पूजा होते. कुंकू लागते, झेंडू लागतो, लिंबू चाकाखाली जाते. त्याच दिवशी पुजेआधी हत्यारे पुसून तेलाचा हात फिरवायची पद्धत अनेक घरांत होती, आता कमी दिसते. गाडी उभीच असेल तर त्या दिवशी इंजिन हाताने दोन फेरे फिरवावे आणि मॅनिफोल्डच्या नटांना तेल लावावे. अर्ध्या तासाचे काम आहे, आणि वर्षातून एकदा केले तरी नातवावर हे सगळे वाचायची वेळ येणार नाही.

बोल्ट निघाले की पुठ्ठ्याच्या तुकड्यावर हेडचा आकार काढून, भोके पाडून, जो जिथला तो तिथेच खोचून ठेवावा, कारण लांबी वेगवेगळी असते आणि लांब बोल्ट आखूड जागी गेला की तळ फोडतो. परत बसवताना आटे तारेच्या ब्रशने साफ करावेत, भोकातले तेल आणि कचरा हवेने काढावा. तळाशी तेल साचलेले असताना बोल्ट आवळला तर कोंडलेल्या तेलाच्या दाबाने ओतीव काम चिरते. सायलेन्सरच्या बाजूला तांब्याची पेस्ट, अ‍ॅल्युमिनियममध्ये जाणाऱ्या आट्यांना जस्त किंवा अ‍ॅल्युमिनियमचा अंश असलेली, जाम-रोधक म्हणून मिळते ती, आणि काहीच नसेल तर ग्रीसचे बोट. मात्र ग्रीस लावलेला बोल्ट कोरड्याइतक्याच जोराने आवळू नये. घर्षण कमी झालेले असते, तो जास्त ताणला जातो.

मॅनिफोल्डचे स्टड निघाले असतील तर जुने परत घालू नका, मोडले नसले तरी. नवे आणायला बीदरला, उदगीरला किंवा सोलापूरला जाल तेव्हा जुना तुकडा खिशात ठेवा आणि दुकानदाराच्या टेबलावर आट्याला आटा लावून पाहा. मिलिमीटरच्या बोल्टच्या डोक्यावर ८.८ हा आकडा कोरलेला असावा, इंचाच्या बोल्टवर तीन रेघा. कोरे डोके असेल तर तो दाराच्या कडीला लावायचा बोल्ट आहे, इंजिनाचा नव्हे.